बर्फाच्या तंबूला चार थिगळं

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तर पूर्ण होऊन बाहत्तरावं लागलं होतं. गुडघे बोलायला लागले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण हात अजून माझे होते.

शाळा चौथीत सुटली. ती मी सोडली की तिने मला, हे आता आठवत नाही. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं मंडप बांधले. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, कधी पार बोरिवली. लग्नं, बारशी, जयंत्या, गणपती, सभा, शोकसभा. लोक कशासाठी जमणार ते आम्ही कधी विचारलं नाही. वारा कुठून येतो तेवढं विचारायचं. मला हे काम शिकवलं त्या मुकादमाने दोन गोष्टी कानात ओतल्या होत्या. एक, कापडाला पोट सुटू द्यायचं नाही. छताला जरा झोळ राहिला की तिथे पाणी साठतं, पाण्याने झोळ वाढतो, झोळाने पाणी वाढतं, आणि शेवटी वासे खाली येतात. दुसरी, भोक दिसलं की बुजव. आधी बुजव, मग जेव.

मला मुलगी एकच. तेव्हा छत्तीसची. मुलुंडच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. लग्न केलं नाही, तो विषय आमच्या घरात बंद आहे. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी मारून किल्ल्यावर. किल्ले संपले की काय कोण जाणे, आदल्या जानेवारीत हिमाचलला बर्फात राहून आली. आल्यावर म्हणाली, "मस्त झाली ट्रिप." आम्हीही धरून चाललो, मस्त झाली.

खरं काय ते ऑक्टोबरात कळलं. ती गॅलरीत फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. "या वेळी तो टेंट नको गं. त्या पहाटे कोणी उठलंच नसतं तर?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण उठलं नसतं?"

"ऐकत होतात?"

"मोठ्याने बोलतेस."

मग सांगितलं. रात्रभर बर्फ पडला, तंबूवर साचला, काठी मोडली आणि ओलं कापड झोपलेल्या दोघींच्या अंगावर बसलं. बाजूच्या तंबूतल्या लोकांनी जेवायच्या ताटांनी बर्फ उपसून दोघींना बाहेर काढलं. पायाची दोन बोटं पाडव्यापर्यंत बधिर होती. आम्हाला म्हणाली होती, नवीन बूट चावतात.

"आणि परत जाणार?"

"जानेवारीत. तीच जागा, चार रात्री."

"कुठल्या तंबूत?"

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. नारिंगी रंगाचा, दोन काठ्यांचा, पिसासारखा हलका म्हणे. मागवून झाला होता, दोन दिवसांत घरी येणार होता. मी फोटो जवळ घेतला, लांब धरला. दोन काठ्या माथ्यावर एकदाच एकमेकींना ओलांडत होत्या, आणि चारी बाजूंना कापड नुसतं लोंबत होतं.

"याला पोट सुटणार," मी म्हणालो.

"बाबा, हा गणपतीचा मंडप नाहीये. बर्फ वेगळा असतो. तुम्हाला बर्फातलं काय कळतं?"

स्वयंपाकघरातून आमची बायको बोलली. ती मूळची मालवणकडची, रागावली की तिकडचंच बोलते. "तुमकां दोघांकय बर्फच बघूचो आसा मां, मग फ्रीज उघडून बसा."

मी मुलीला म्हणालो, "बर्फातलं नाही कळत. वजनातलं कळतं."

बायकोचं म्हणणं, हिला जाऊच देऊ नका. पण हिला अडवणं माझ्या हातात नव्हतं. ती माझ्यावर गेली आहे. नको म्हटलं की आधी बूट घालते. मग जे हातात होतं ते मी घ्यायचं ठरवलं. ती जाणारच आहे ना, तर ज्याच्याखाली झोपेल तो तंबू मी निवडणार. तो खाली येणार नाही. बस.

पुढच्या रविवारी अंधेरीला गेलो, डोंगरावर जाणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे तिथे. मुलगी बरोबर होती, तोंड फुगवून. दुकानदार चाळिशीचा, केसांची शेंडी बांधलेला. बोलायला बरा.

"काका, बर्फासाठी फोर सीझनवालाच घ्या."

"आपल्यात ऋतू तीन. चौथा कुठला?"

"ज्यात माणूस मरतो तो, काका."

मला तो आवडला. त्याला तीन तंबू उघडायला लावले. पहिल्याच्या काठ्या फायबरच्या. एक काठी वाकवली, कानाशी नेली, बारीक कट असा आवाज आला. म्हटलं, ही वाळक्या बांबूसारखी उभी चिरणार, थंडीत तर लवकर. ठेव आत. दुसऱ्याच्या काठ्या चांगल्या, धातूच्या, पण दोनच. तो नारिंगीचा भाऊ. तिसऱ्याच्या काठ्या चार. एकमेकींना सात-आठ ठिकाणी ओलांडून जात होत्या, टोपलीच्या विणीसारख्या. छताचा कुठलाही तुकडा तळहाताने दाबला तरी खाली काठी जवळच. पोट सुटायला जागाच नाही. वरचं कापड जमिनीपर्यंत येऊन पुढे वीतभर पसरत होतं, झालरीसारखं. त्या झालरीवर बर्फ लोटायचा म्हणजे खालून वारा शिरत नाही. मी कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारली.

दुकानदार हसला. "काका, सगळं लिहिलंय ना त्या कागदावर."

"कागद इंग्रजीत आहे. फुंकर मला वाचता येते."

मग मी शिवणी बघायला बसलो. तणावे, म्हणजे तंबू ताणायच्या दोऱ्या, जिथे कापडाला धरतात तिथे शिवण दुहेरी आहे का, कोपऱ्यात टाके सुटले आहेत का. तेवढ्यात दुकानदार वरच्या झरोक्यांबद्दल काहीतरी सांगत होता. मुलगी ऐकत होती. मी शिवण बघत होतो. हे लिहून ठेवतो, कारण मला कोणी सांगितलंच नाही असं मी पुढे कधी म्हणू शकलो नाही.

मुलीने तंबू उचलून बघितला. "बाबा, पाच किलोच्या वर आहे. हे मला पाठीवर न्यायचंय."

"मैत्रीण आहे ना? अर्धा तिच्या पाठीवर. गेल्या खेपेला अंगावर किती किलो पडलं होतं?"

तिने तंबू खाली ठेवला. म्हणाली, "ठीक आहे. वाऱ्यात लावून बघू. गोराईला. उभा राहिला तर हा नेईन, नाहीतर माझा."

पैसे मी दिले. किती ते बायकोला अजून माहीत नाही.

बोरिवलीहून बोटीने पलीकडे गेलो. नोव्हेंबरातली दुपार, समुद्रावरून वारा बरा होता. तिचा नारिंगी आणि माझा राखाडी, दोन्ही शेजारी शेजारी उभे केले. तंबूबरोबर आलेल्या खुंट्या वाळूत ठोकल्या. दहा मिनिटांत दोन्हींच्या सुटल्या. नारिंगी तंबू तर लोळत निघाला, मुलगी त्याच्यामागे धावली.

मासे विकून परत चाललेली एक बाई थांबली. "काय ओ आजोबा, घरातून हाकललं काय?"

"हाकलायच्या आधीच सोय करून ठेवतोय," मी म्हणालो.

मुलगी धापा टाकत आली. "बर्फात पण असंच होतं. भुसभुशीत असतो, खुंटी धरतच नाही."

मला तेच हवं होतं. मी घरून चार कापडी पिशव्या आणल्या होत्या. फार वर्षांपूर्वी याच वाळूत एका लग्नाचा मंडप घातला होता, तेव्हा मुकादमाने शिकवलेलं. पिशवीत वाळू भरायची, पिशवीच्या कमरेला दोरी बांधायची, हातभर खड्डा करून पिशवी आडवी पुरायची आणि वर पाय देऊन दाबायची. खुंटी उभी असते म्हणून उपसते. आडव्याला वाळूच धरून ठेवते. चार पिशव्या पुरल्या, त्यांना राखाडीचे तणावे बांधले.

"ओढ," मी म्हणालो.

तिने ओढलं. मग दोन हातांनी ओढलं. मग अंगाचा सगळा भार टाकून मागे झुकली. पिशवी जागची हलली नाही.

"बाबा, पिशवीत बर्फ भरला तरी चालेल हे!"

"मला काय विचारतेस? मला बर्फातलं काय कळतं?"

ती हसली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. मग नारिंगी परत उभा करून आम्ही दोन्ही छतांवर ओली वाळू टाकली, प्लास्टिकच्या डब्याने, टाकतच राहिलो. नारिंगी चौथ्या डब्याला बसला. राखाडी शेवटपर्यंत ताठ. परतीच्या बोटीत ती म्हणाली, "हाच नेणार."

इथे मी थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खारं पाणी काढायला तंबू बिल्डिंगच्या गच्चीवर उभा करून धुतला. आत बघतो तर तळाशी ओंजळभर वाळू. आली कुठून? शोधलं. वर दोन झरोके होते, त्यांना टोपीसारखं झाकण, आणि खाली पायथ्याशी दोन. चारही वाऱ्याला उघडे. मला वाटलं, वाळू आत येते तर बर्फ येणारच. माझी पोरगी तिथे झोपणार आणि तंबू बनवणाऱ्याने चार भोकं तशीच सोडली. आमच्याकडे दर मे महिन्यात काय चालतं? ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे तो वर चढतो आणि भोकं बुजवतो. ज्याच्याकडे ताडपत्री आहे तो ती उन्हात धरतो, उजेड दिसला की थिगळ. भोकाशी आमचं जन्माचं वैर.

दोन दिवस बसलो. चांगल्या जाड कापडाची चार थिगळं कापली, दाभण आणि मेण लावलेला दोरा घेतला, दुहेरी टाका घातला. एक डोळा मिटून काम करावं लागत होतं. तरी टाके असे पडले की मुकादम असता तर काही बोलला नसता. काही न बोलणं म्हणजेच त्याची शाबासकी.

बायकोने विचारलं, "तिका इचारलास?"

"भोक बुजवायला काय विचारायचं?"

डिसेंबरात मुलीला थंडीची एक चाचणी करायची होती, झोपायच्या पिशव्या किती गरम राहतात ते बघायला. मुंबईत थंडी आणायची कुठून? ती मी आणली. मुलुंडला माझ्या ओळखीचा एक केटरर आहे. त्याच्या शंभर लग्नांना माझा मंडप होता. त्याच्याकडे आइस्क्रीम ठेवायची थंड खोली आहे. दोन लग्नांच्या मध्ये एका दुपारी त्याने ती रिकामी करून दिली. दाराबाहेर स्वतः खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "दर दहा मिनिटांनी दार वाजवणार. आतून उत्तर आलं नाही तर दोघांना उचलून बाहेर काढतो आणि आइस्क्रीम परत आत ठेवतो."

तंबू आत उभा केला. वजा पंधरा होतं. मी आणि मुलगी आपापल्या पिशवीत शिरलो, तंबूची चेन लावली. आधी मजा वाटली. ती मला सांगत होती, तिथे सकाळी डोंगर कसा गुलाबी दिसतो, बूट पिशवीत घेऊन कसं झोपावं लागतं. इतकं माझ्याशी ती कॉलेजात असतानाही बोलली नव्हती.

अर्ध्या तासाने छत चमकायला लागलं. तासाने पांढरं झालं. तिने बोट लावलं तर छताचा भुगा आमच्या तोंडावर पडला. गार, चुरचुरीत.

"आत बर्फ कुठून आला?" ती उठून बसली, टॉर्च लावली. "हा आपला श्वास आहे. बाबा, वरचे व्हेंट उघडे आहेत ना?" टॉर्च वर गेली, खाली आली, परत वर गेली. "ते कुठे गेले?"

"बुजवले," मी म्हणालो. ऐटीत म्हणालो, खोटं कशाला सांगू. "चारही. पाण्याचा थेंब येणार नाही."

ती चेन उघडून बाहेर गेली, त्या खोलीच्याही बाहेर. मी मागोमाग गेलो. बाहेर केटररची माणसं कढया घासत होती. त्या आवाजात ती माझ्याशी हळू बोलली, आणि ते हळू बोलणंच मला जड गेलं.

"बर्फ वितळवून पाणी करावं लागतं, बाबा. बाहेर वादळ असलं की स्टोव्ह टेंटच्या पुढच्या पडवीत पेटवतात. हवा जायला ही भोकं असतात. बंद असती तर डोकं जरा जड झालं असतं, आम्ही आडव्या झालो असतो आणि तशाच राहिलो असतो. स्टोव्हमधून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला वास नसतो. मी रोज रक्त तपासते, मला माहीत आहे तो रक्तात काय करतो."

मी केटररच्या चहाचा पेला उचलला.

"मला विचारलं का नाही?"

मी म्हणालो, "चहा घे."

केटरर उठून आत निघून गेला. शहाणा माणूस.

रिक्षात ती बाहेर बघत होती. पंचेचाळीस वर्षांत माझा एकही मंडप माणसाच्या अंगावर आला नव्हता, हे मी चारचौघांत सांगत असे. आणि माझ्या पोरीच्या श्वासावर मी स्वतः, दुहेरी टाक्याने, थिगळ शिवलं होतं.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं, "मी नारिंगीच नेते."

आता मात्र मी बोललो. "तो चौथ्या डब्याला बसला. तू बघितलंस."

"मग हा नेऊ? थिगळं उसवली तरी सुईची भोकं राहणार. त्यातून वितळलेलं पाणी गळणार. ओल्या पिशवीत तिथे एक रात्र निघत नाही, बाबा."

"उद्या बघू."

"उद्या काय बघायचं राहिलंय?"

"उद्या," मी म्हणालो.

चुकलो हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. त्या संध्याकाळी जेवताना दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा भात घातला. बायको बघत होती. म्हणाली, "मिठाक बरा आसा मां?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटताच गच्चीवर गेलो. तंबू उभा केला. दाढीचं पातं घेऊन एकेक टाका कापला, खालच्या कापडाला पातं लागू न देता. शिवायला दोन दिवस लागले होते, उसवायला दोन तास. चारही थिगळं निघाली, झरोक्यांची झाकणं परत उघडली, हात घालून बघितला तर वारा बोटांना लागत होता. सुईची भोकं उन्हात चाळणीसारखी दिसत होती. तंबूच्या पिशवीत शिवणीला लावायच्या डिंकाची एक ट्यूब आली होती. काडेपेटीतली काडी बुडवून प्रत्येक भोकावर बाहेरून एक थेंब लावला, मग आत शिरून आतून एक. डिसेंबरचं ऊन, सुकायला वेळ घेत होतं. मी बाजूला बसून राहिलो. न्याहारीला खाली गेलो नाही.

दहा वाजून गेल्यावर बायको चहा घेऊन वर आली. तिला म्हटलं, दोन बादल्या भर. मी आत जाऊन चेन लावली, चारही झरोके उघडे ठेवले आणि आतून म्हणालो, "ओत."

"डोक्यावर?"

"छतावर गो!"

तिने मनापासून ओतली. वरच्या डाव्या झरोक्याशी, जिथे थिगळाचा कोपरा होता, एक थेंब फुगला आणि माझ्या हातावर पडला. मी तिथे खडूने फुली मारली, बाहेर आलो, पुसलं, सुकवलं, डिंकाचे आणखी दोन थेंब लावले. परत ऊन. परत आत. "ओत." या वेळी थेंब आला नाही. "अजून एक."

पुढची बादली वरून आली नाही. बाजूने आली, वारा मारतो तशी, नेम धरून थेट उसवलेल्या शिवणीवर. बायकोच्या हातात तेवढा जोर नाही. मुलीची त्या दिवशी दुपारपाळी होती, ती घरीच होती.

मी छताखाली हात धरून बघितला. कोरडा होता.

"आता पायथ्याच्या झरोक्यावर मार," मी आतून ओरडलो. "जोरात मार, लाजू नको."